जुनी इंग्रजी अनुप्रासाची कविता कानाने कशी वाचायची आणि मराठीत तशी ओळ कशी पाडायची

आमच्या देवगडच्या बाजूला १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, आणि त्या दोन महिन्यांत घरातली माणसं एकतर जाळी दुरुस्त करतात नाहीतर एकमेकांचं डोकं खातात. मी मागच्या पावसात तिसरंच काम केलं, हजार वर्षं जुनी इंग्रजी कविता मोठ्यानं वाचायला शिकलो. एमए करताना ही कविता होती एवढंच कळलं होतं, पाच मार्कांची टीप लिहायची, 'अ‍ॅलिटरेशन म्हणजे एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द जवळजवळ येणे', झालं, पुढचा प्रश्न. वर्गात उदाहरण दिलं होतं ते कच्चा पापड पक्का पापड छापाचं. ते उदाहरण साफ चुकीचं होतं हे कळायला मला आठ वर्षं लागली, तेव्हा म्हटलं लिहून ठेवू, दुसऱ्या कुणाची तरी वाचतील.

सुरुवातीलाच सांगतो, उच्चार मी देवनागरीत लिहिलेत ते जवळपासचे आहेत, अगदी तंतोतंत धरू नका, ठोका धरा.

आधी एक सवय सोडायची आहे. आपल्या कानाला यमकाचं व्यसन आहे. लग्नात उखाणा घेतला आणि शेवट जुळला नाही तर मांडवातल्या बायका तोंडावर पदर धरतात. आणि दुसरी सवय म्हणजे मोजायची, मोठा अभंग म्हटला की सहा सहा सहा चार, वृत्त म्हटलं की गण पाडा, मात्रा मोजा. इथे यातलं काहीच नाही. या कवितेत ओळीच्या शेवटी यमक नाही आणि ओळीत किती अक्षरं हे ठरलेलं नाही. ठरलेले आहेत ते फक्त चार ठोके. दोन ठोके, मध्ये जरा श्वास, परत दोन ठोके. मधल्या हलक्या अक्षरांची संख्या कमीजास्त होते, तरी जुन्या काळातल्या कवितेत अर्ध्या ओळीत निदान चार अक्षरं असतातच. तर पहिलं काम, हातात पेन घेऊ नका, ओटीवर बसा आणि मांडीवर थाप मारत वाचा.

मी हे करत बसलो होतो, लाईट गेलेली, बाहेर धो धो पाऊस, आणि शेजारी काका दोर वळत बसले होते. काकांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. मी तीच ओळ चार-पाच वेळा म्हटली तर ते मान न उचलता म्हणाले, "ह्या काय मंत्र रे? वल्ह्यावरच्या हाकेसारख्या वाटता." आणि मग चहा मागितला. मला मात्र तिथेच पहिल्यांदा ते कानात शिरलं, कारण वल्हं मारताना हाक कुठल्या शब्दावर पडते हे कुणी अक्षरं मोजून ठरवत नाही, जोर कुठे लागतो त्यावर ठरतं.

ओळ कुठली होती तेही सांगतो. 'मेओटोडेस मेआख्टे, ऑन्ड हिस मोडगेथांक.' अर्थ साधारण असा की विधात्याचं सामर्थ्य आणि त्याच्या मनातला विचार. ही कॅडमन नावाच्या माणसाच्या स्तोत्राची दुसरी ओळ, एकूण नऊ ओळींचं स्तोत्र. बीड नावाच्या साधूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात त्याची गोष्ट आहे. व्हिटबीच्या समुद्रकाठच्या मठात हा गुरं राखायचा, मठाची प्रमुख हिल्ड नावाची बाई होती. जेवणावळीत हार्प नावाचं तारांचं वाद्य हातोहात फिरायला लागलं की आता आपल्याला गावं लागणार म्हणून हा उठून गोठ्यात निघून जायचा. डबलबारीच्या भजनात समोरून माईक आपल्याकडे यायला लागला की पाणी प्यायच्या निमित्ताने उठणारे असतात ना, तसाच. मग एका रात्री स्वप्नात कुणीतरी सांगितलं गा, आणि तो गायला.

आता त्या ओळीवर थापा मारा. मेओ, मेआख, मोड, थांक. पहिले तीन म, चौथा वेगळा. सगळी यंत्रणा या एका ओळीत आहे आणि तिची किल्ली आहे तिसऱ्या ठोक्यात. दुसऱ्या अर्ध्या ओळीचा पहिला ठोका म्हणजे होडीतला तांडेल, खलाशांचा म्होरक्या. तो जे अक्षर म्हणेल ते ओळीचं अक्षर. पहिल्या अर्ध्यातल्या दोन ठोक्यांपैकी निदान एकाने त्याच्या मागे जायलाच पाहिजे, दोघे गेले तर आणखी छान. आणि चौथ्याने जायचं नाही. हे चौथ्याचं मला कुणीच शिकवलं नव्हतं. चौथा मोकळा ठेवतात म्हणून ओळ पुढे सरकते, चारही सारखे झाले की जीभ अडकते आणि तो पापडाचा खेळ होतो. म्हणजे ओळ वाचताना आधी तिसरा ठोका शोधा, मग मागे वळून पहिल्या दोघांकडे बघा. डावीकडून उजवीकडे अक्षरं जुळवत गेलात तर हमखास फसाल, मी महिनाभर फसलो.

फसायचं मुख्य कारण डोळा. कागदावर शब्द ज्या अक्षराने सुरू होतो ते आपण धरतो, पण कविता धरते जोराचं अक्षर. चौदाव्या शतकाच्या शेवटची, सर गवेन आणि हिरव्या सरदाराची जी २५३० ओळींची कविता आहे तिची पहिलीच ओळ बघा. 'सिथेन द सेज अँड दि असॉट, वॉज सेस्ड अ‍ॅट ट्रॉय.' ट्रॉयचा वेढा आणि हल्ला संपल्यावर, असं काहीतरी. यात असॉट शब्द 'अ' ने सुरू होतो म्हणून मी तो बाजूला काढला होता. पण जोर 'सॉ' वर आहे. म्हणजे सेज, सॉट, सेस्ड आणि मग ट्रॉय. तांडेल सेस्ड, मागे दोन स, चौथा मोकळा, सगळं चोख. तसंच त्याच शतकातल्या लँगलंड नावाच्या कवीच्या कवितेत सुरुवातीला एक ओळ येते, 'इन हॅबिट आझ अन हेरेमीट, उनहोली ऑफ वेर्केस', साधूच्या वेशात पण करणीने असाधू. उनहोलीमध्ये 'उन' हा नुसता पुढे चिकटलेला उपसर्ग, जोर 'हो' वर. ह, ह, ह, व. अजून जुन्या इंग्रजीत 'गे' नावाचा उपसर्ग क्रियापदांना सारखा चिकटतो, तो तर कधीच धरायचा नाही. कॅडमनच्या त्या मोडगेथांकमध्येसुद्धा मधला 'गे' सोडूनच द्यायचा.

स्वरांचं वेगळंच आहे आणि मला ते फार आवडतं. कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी जुळतो. आ ला आ च पाहिजे असं नाही, उलट वेगवेगळे असले तर जास्त बरं वाटतं. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी वीरकाव्यात स्किल्ड राजा मरतो तेव्हा त्याचं शव एका जहाजात ठेवून समुद्रात सोडतात, ते जहाज बंदरात उभं असतानाची ओळ अशी, 'ईसिग ऑन्ड ऊटफूस, अ‍ॅथेलिंगेस फॅर'. बर्फ चढलेलं, बाहेर निघायला उतावीळ, राजपुत्राचं जहाज. ई, ऊ, अ‍ॅ आणि शेवटी फ. आपल्याकडे नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की धक्क्यावरच्या होड्या जशा दोर ताणून हलत असतात, बरोबर तेच 'ऊटफूस'. बर्फ सोडून, बर्फ आपल्याकडे मासळीच्या पेटीत.

आणि एक बारीक नियम, स्ट, स्प आणि स्क हे तीन जोड आपापल्याशीच जुळतात. स्ट ला नुसता स चालत नाही. आपल्या एसटीच्या भाषेत सांगायचं तर 'स्टँडवर स्टोव्ह, स्टीलचं भांडं' चालेल, पण मध्ये 'साखर' घुसवली तर ती जुळली असं धरायचं नाही.

आता कान आणि डोळ्याच्या भांडणातला खास मराठी माणसाला कळेल असा मुद्दा. आपला च दोन आहेत. चोर, चूल, चमचा यांतला एक आणि चहा, चार, चिंच यांतला दुसरा. लिहायला अक्षर एकच. आता मी ओळ केली, 'चोरानं चूल, चहासाठी पेटवली', तर कागदावर ती पास, पण मोठ्यानं म्हणा, तिसऱ्या ठोक्याला काहीतरी घसरल्यासारखं होतं की नाही? जुन्या इंग्रजीत ग चं असंच होतं. एक ग कडक, एक य सारखा मऊ, लिहायचं अक्षर एकच. बेओवुल्फची पहिली ओळ, 'ह्वॅट, वे गारडेना, इन येआरडागुम', भालेवाल्या डेन लोकांबद्दल जुन्या दिवसांतलं आम्ही ऐकलंय अशा अर्थाच्या वाक्याची सुरुवात. त्यात 'गार' आणि 'येआर' जुळलेले धरतात, उच्चार वेगळे झाले तरी परंपरेने चालत आलेलं. पण माल्डनच्या लढाईवरची कविता लिहिणारा हे दोन ग वेगळे ठेवतो. ती लढाई ९९१ ची, एसेक्समधली, खाडीत बेटावर व्हायकिंग अडकलेले आणि ओहोटी लागेपर्यंत दोन्ही बाजू एकमेकांकडे बघत उभ्या, कोकणातल्या माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. कवितेचं डोकं आणि शेपूट हरवलंय, ३२५ ओळी उरल्यात. तर च च्या बाबतीत मी माल्डनवाला. तुम्हाला बेओवुल्फवाले व्हायचं असेल तर व्हा, पण मोठ्यानं वाचताना कोण हसलं तर मला सांगू नका.

थोडा इतिहास, पटकन. बेओवुल्फ ३१८२ ओळींचं, एकच हस्तलिखित, साधारण इसवी सन १००० च्या सुमाराचं. कॉटन नावाच्या गृहस्थाच्या संग्रहात होतं, त्याच्याकडे कपाटांवर रोमन सम्राटांचे पुतळे होते आणि कपाटाला त्या सम्राटाचं नाव, म्हणून बेओवुल्फ आजही विटेलियसच्या कपाटातलं आणि गवेन नीरोच्या कपाटातलं म्हणून ओळखतात. १७३१ मध्ये त्या संग्रहाला आग लागली. बेओवुल्फच्या कडा जळल्या, गवेन वाचली, माल्डनचं मूळ गेलं, पण आधी कुणीतरी नक्कल करून ठेवली होती म्हणून आज आपण ती ओहोटी वाचू शकतो. आमच्याकडे दप्तराला वाळवी लागते, तिकडे आग, एकूण एकच.

१०६६ मध्ये फ्रान्सकडून नॉर्मन लोक इंग्लंडात आले, दरबारात फ्रेंच आली, यमकाची कविता आली. तरी हा ठोका मेला नाही. १२०० च्या आसपास लायमन नावाच्या पाद्रीने सेव्हर्न नदीकाठी बसून ब्रिटनच्या राजांवर सोळा हजारांच्या घरात लांब ओळी लिहिल्या, त्यात अनुप्रास आणि यमक दोन्हीची खिचडी आहे. मग १३५० नंतर पश्चिमेकडच्या आणि वायव्येकडच्या भागात एकदम बहर आला. लँगलंडची नांगऱ्या पिअर्सवरची कविता त्यातलीच, माल्व्हर्नच्या डोंगरावर झोपलेल्या माणसाला पडलेलं स्वप्न, तिची पन्नासहून जास्त हस्तलिखितं सापडतात, म्हणजे लोक खरंच वाचत होते. गवेन त्यातलीच. आणि लंडनला चॉसर हा कवी यमकात लिहीत बसला होता. त्याच्या कथांमधला एक पाद्री म्हणतो की मी दक्षिणेकडचा माणूस, मला ते रम रॅम रफ अक्षराने गुंफायला जमत नाही. पुण्याकडचे पाहुणे आमच्या मालवणीची नक्कल करतात तेव्हा मला हा पाद्री आठवतो. बरं, पुढे तो हेही कबूल करतो की यमकही मला फारसं बरं जमत नाही, त्यामुळे माफ.

नंतरच्या या कवितेत काय बदललं ते वाचताना लक्षात ठेवा. जुन्यात पहिल्या अर्ध्यात एकच ठोका जुळला तरी चालायचं, नंतरच्यात दोन्ही जुळणं हा जवळजवळ कायदाच झाला, आणि पहिला अर्धा लांबला, त्यात कधी तिसरा जड शब्दही कोंबतात. दुसरा अर्धा मात्र घट्ट. त्यात प्रत्येक ठोक्याच्या आधी एक अशा हलक्या अक्षरांच्या दोन जागा असतात, त्यातली एकच लांब, म्हणजे दोन-तीन अक्षरांची, दुसरी आखूड. हे १९८० च्या दशकात डगन आणि केबल या दोघा अभ्यासकांनी दाखवून दिलं. लँगलंडची सुरुवात घ्या, 'इन अ सोमर सेसोन, व्हान सोफ्टे वॉज द सोन्ने', दुसऱ्या अर्ध्यात सोफ् च्या आधी एकच अक्षर आणि सोन् च्या आधी तीन. पुढची ओळ, 'ई शोप मी इन्टो श्रूडेस, आझ ई अ शेप वेरे', इथे उलटं, शेपच्या आधी तीन आणि वेरेच्या आधी काहीच नाही. पहिल्या ओळीत त्याने चारही स केलेत ते बघितलंत का, नियम मोडायचाच तर पहिल्या ओळीत मोडला पठ्ठ्याने, आणि लगेच दुसऱ्या ओळीत सरळ आला. गवेनवाल्याने आणखी एक गंमत केली, लांब बिनयमकी ओळी झाल्या की शेवटी एकदम दोन अक्षरांची ओळ आणि मागून चार आखूड ओळी, त्या पाचांना मात्र यमक. मोठ्या लाटेनंतर काठावर छोट्या छोट्या फुटतात तशा.

आता आपण करू. मराठीत करताना मी माझ्यापुरते दोन-तीन ठराव केलेत. मराठीत इंग्रजीसारखा ठसठशीत जोर नाही, त्यामुळे अर्थाच्या शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे ठोका. आणि, तर, मग, हा, ती, च, पण यांना ठोका नाही, ते वाटेतले पाहुणे. क आणि ख वेगळे, ग आणि घ वेगळे. श आणि स वेगळे, यावर आमच्या घरात वाद आहे कारण आजी शेंगा आणि सेंगा एकच म्हणते, पण असू दे.

सरळ ओळ, 'पावसात पडवीत, पेजेची वाटी'. प प प व. बघा, काही विशेष नाही पण ती चालते. अजून एक, 'माडाच्या मुळाशी, मासळीची टोपली'. स्वरांची, 'आजी उठली, ओसरी झाडली'. शेवटच्या ओळीत 'ली ली' असं यमक आपोआप आलं, मराठी क्रियापदं शेवटी येतात म्हणून हे होतंच, त्याला घाबरू नका पण मुद्दाम करू नका. आणि नापास ओळ कशी असते? 'गावात पाऊस, गलबत गोत्यात'. तांडेल ग आहे, पहिल्यात एक ग आहे, इथपर्यंत जुन्या नियमाने ठीक, पण चौथ्याने पण ग केला. 'गावात गारठा, गलबत बुडालं' केलं की बसतं. गलबत बुडवायची इच्छा नव्हती, पण अक्षर माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही, आणि त्यात मजाही आहे.

इथे खरी अडचण येते ती शब्दांची. तुम्हाला माणूस म्हणायचंय आणि तांडेल ब म्हणतोय, मग काय? गवेनच्या काळातल्या कवींनी यावर जो उपाय केला तो बघून मी वहीच केली. त्यांच्याकडे माणूस या एका अर्थाला बर्न, फ्रेक, गोम, हाथेल, लेड, रेंक, शाल्क, सेग, टल्क, वीए असे दहा शब्द होते. ब हवा, बर्न घ्या. स हवा, सेग. यातले बरेच शब्द रोजच्या बोलण्यातून गेलेले किंवा जात आलेले, पण कवितेने ते पेटाऱ्यात जपून ठेवले, कारण प्रत्येकाचं अक्षर वेगळं. म्हणून वहीचं एक पान होडीला द्या. होडी, नाव, मचवा, गलबत, पडाव, शिबाड, तारू. सात शब्द, सात अक्षरं. शिबाड आता कोण म्हणतं, पण श वर अडलात की तेच वर काढणार. दर्या, समुद्र, सागर, रत्नाकर, हे दुसरं पान. पाऊस तिसरं, पाऊस, सर, शिरवं, झड. आमच्या काकांना विचारत बसलो तर वाऱ्याचीच अर्धी वही भरली, कुठून येतो त्यावर नाव बदलतं. कोश उघडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो शब्द उच्चारासकट मिळतो.

तरीही शब्द सापडला नाही तर नवा जोडा. जुने इंग्रज कवी समुद्राला 'ह्रोनराड' म्हणायचे, देवमाशाची वाट. शरीराला 'बानहूस', हाडांचं घर. तलवारीला 'बेआडोलेओमा', लढाईचा उजेड. एक्सेटरला एक हस्तलिखित आहे, तिथल्या लिओफ्रिक बिशपने, जो १०७२ मध्ये वारला, दिलेलं, त्यात नव्वदच्या वर कोडी आहेत, आणि कोडं म्हणजे तरी काय, वस्तूला आडून नाव देणं, आपण लहानपणी घालायचो तशीच. मी माडाला 'शेंडीवाला शेजारी' म्हटलं, श श मिळाले. सुरमईला 'चांदीची सुरी', त्यात च वर जायची सोय. फार करू नका. तीन ओळींत एक पुरे, नाहीतर फोडणीत नुसता हिंगच लागतो.

आणखी एक युक्ती, एकाच गोष्टीचं नाव पुन्हा पुन्हा वेगळ्या तऱ्हेने घेणं. कॅडमनच्या नऊ ओळींत देवाला सात-आठ नावं आहेत, स्वर्गाच्या राज्याचा राखणदार, विधाता, वैभवाचा पिता, अनादि प्रभू, पवित्र निर्माता, मनुष्यजातीचा राखणदार. एमएला असताना हे मला फुकटचं पाल्हाळ वाटायचं. मग देवळात गाऱ्हाणं ऐकताना ट्यूब पेटली. बा देवा म्हाराजा करून गुरव एकेक उपाधी लावत जातो, मागून होय म्हाराजा येतं, आणि कुणी म्हणत नाही की एकदा सांगितलंत ना. ऐकणाऱ्यांसाठी रचलेलं असलं की असंच असतं. १९५३ मध्ये मॅगून नावाच्या प्राध्यापकाने मांडलं की जुनी इंग्रजी कविता तयार तुकडे जोडत तोंडी रचायची रीत दाखवते. त्यावर अजून वाद आहेत, पण आमचे दशावतारी लिहिलेली संहिता नसताना रात्रभर संवाद म्हणतात ते ज्याने पाहिलंय त्याला ही कल्पना अशक्य वाटणार नाही. त्यातून तुमच्यासाठी धडा एवढाच की बसणारा अर्धा तुकडा सापडला की तो टाकू नका, 'सांज झाल्यावर' सारखा तुकडा दहा ओळींना उपयोगी पडतो.

वाचायला कुठून सुरू करायचं असं विचाराल तर मी बेओवुल्फ म्हणणार नाही, ३१८२ ओळी बघून माणूस पळतो. कॅडमनच्या नऊ ओळी पाठ करा. मग समुद्रावरच्या माणसाची १२४ ओळींची जी कविता एक्सेटरच्या हस्तलिखितात आहे ती भाषांतर शेजारी ठेवून घ्या. त्यात थंडीत एकटा पडलेला खलाशी म्हणतो की माणसांच्या हसण्याऐवजी मला समुद्रपक्ष्यांचा आवाज होता, आणि मग ही ओळ, 'मॅव सिंगेंडे, फोरे मेडोड्रिन्के', मधाच्या दारूऐवजी गाणारा कुरव, म्हणजे सीगल पक्षी. म, स, म, ड. पहिल्या अर्ध्यात एकच म जुळलाय आणि तेवढाच पुरतो, तो एकटेपणा ओळीतच आहे. मग ५३१ ओळींची, बायबलमधल्या योना आणि देवमाशाची कविता, गवेनच्याच हस्तलिखितातली, तिच्यातलं वादळ एकदा तरी मोठ्यानं वाचा, शक्यतो जुलैत.

शेवटी माझी, करून बघितलेली. पहिल्या ओळीत मी आधी 'माळ्यावर मासळी' लिहिलं होतं, चारही म झाले, शिवाय माळ्यावर मासळी कोण ठेवतं, म्हणून बदललं.

मिरगाच्या मुहूर्तावर, माळ्यावर जाळं,
होडी हलवली, हळूच वाळूवर,
शिडं शिवली, शाबूत ठेवली.
आजोबा उठले, अंगणात बसले,
दर्याला दटावत, दात नसलेले.
पोरं पळाली, पागोळ्या झेलत.
काळोख कलंडला, कौलांच्या बाजूला,
रात्री रेडिओ, रडला एकटाच.

काकांना वाचून दाखवली. दात नसलेले आजोबा आवडले, त्यावर दोनदा हसले. मग म्हणाले, "पण रेडिओ खय आसा आपल्याकडे? मोबाईल घाल." मी म्हटलं काका, मोबाईल घातला तर सगळी ओळ म वर न्यायला लागते, रात्र जाते, रडणं जातं. ते म्हणाले, मग जाऊ दे. दोन दिवस डोकं लावल्यावर ही निघाली.

मध्यरात्री मोबाईल, माजघरात वाजला.